भार कोणत्या पायावर?

मनुष्याचे बळ त्याच्या बाहूंत असते, असे आपण सारेच धरून चालतो. भाषेनेही तोच पक्ष उचललेला दिसतो. पराक्रमी पुरुषाला आपण बाहुबली म्हणतो, कामाच्या माणसाला उजवा हात म्हणतो. पायांच्या वाट्याला मात्र पायपीट तेवढी येते. परंतु घरातली जुनी कामे डोळ्यांपुढे आणली म्हणजे निराळेच चित्र दिसू लागते. लाकडे फोडणारा गडी कुऱ्हाड वर नेतो तेव्हा त्याच्या देहाचा भार मागच्या पायावर असतो, आणि कुऱ्हाड ओंडक्यात उतरते तेव्हा तो पुढच्या पायावर आलेला असतो. विटी कोलणाऱ्या पोराला ही गोष्ट कोणी शिकवीत नाही. तरीही विटी लांब जाते ती दंडाच्या जोराने कमी आणि पावलांच्या शहाणपणाने अधिक.

भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेण्याची ही विद्या ज्या खेळात अगदी उघडी पडते, तो खेळ गोल्फ. आपल्या घरांतून या खेळाविषयी फारसे ममत्व नाही, हे मी जाणून आहे. क्रिकेटला आपण केव्हाच माजघरात घेतले. गोल्फ बिचारा अजून ओसरीवरच तिष्ठत आहे. आमची आत्या तर म्हणत असे, ‘आपणच चेंडू लांब भिरकवायचा आणि आपणच तो शोधीत उन्हातून हिंडायचे, यात खेळ तो कसला?’ प्रश्न बिनतोड आहे. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटनेही काहीशा अशाच वैतागाने या खेळावर बंदी घातली होती. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून याच्या नादी लागतात, ही तिची तक्रार. बंदी विरून गेली, खेळ राहिला. १८२९ साली तो कलकत्त्यास आला आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब तेथे उभा राहिला. आज तो केवळ साहेबांचा राहिलेला नाही. पुण्याचा उदयन माने २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून हाच खेळ खेळला.

आमच्या घरात गोल्फ आणला तो दादांनी. दादा माझे थोरले बंधू. सरकारी बांधकाम खात्यात अभियंता होते. पस्तिशीच्या सुमारास एका वरिष्ठांनी त्यांना मैदानावर नेले आणि त्यानंतर चाळीस वर्षे त्यांनी तो खेळ नित्यकर्मासारखा सांभाळला. मलाही काठी धरायला त्यांनीच शिकविले. गोल्फमध्ये जिला क्लब म्हणतात ती ही काठी हातात आली की नवशिक्याचे सारे ध्यान तिच्याकडे लागते. दादा मात्र माझ्या हातांकडे पाहतच नसत. ते माझ्या मागे उभे राहत आणि बुटांकडे बघत. ‘हात खोटे बोलतात, टाचा बोलत नाहीत,’ हे त्यांचे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन केले पाहिजे. चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो. त्याचे वजन नियमाने जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने चार तोळ्यांच्याही आत. उजव्या हाताने खेळणारा त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो आणि त्याची डावी बाजू लक्ष्याकडे असते. आरंभी दोन्ही पायांवर भार जवळजवळ सारखा असतो. काठी मागे व वर जाऊ लागली की धड उजवीकडे वळते आणि भाराचा मोठा हिस्सा उजव्या पायाच्या आतल्या कडेवर येतो. येथपर्यंत बहुतेकांना जमते. खरी मेख पुढे आहे. काठी वर जाऊन पुरती थांबण्याच्या आधीच भार डाव्या पायाकडे परतू लागला पाहिजे. काठी चेंडूला भिडते त्या क्षणी तो बहुतांशी डाव्या पायावर असला पाहिजे. आणि झोका संपून छाती लक्ष्याकडे वळते तेव्हा उजव्या पायाचा केवळ चवडा जमिनीला टेकलेला उरला पाहिजे. काठी वरून खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. चेंडू आणि काठी यांची भेट तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकीच असते. एवढ्या अवधीत काही सुधारू म्हणणे व्यर्थ आहे. भार त्या क्षणी जेथे असेल तेथे असेल. त्याची व्यवस्था आधीच झालेली असली पाहिजे.

ही व्यवस्था बिघडते ती मुख्यत्वे तीन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा उलट्या भाराची. काठी वर जाताना देह डाव्या पायावरच झुकतो आणि खाली येताना उजव्यावर पडतो, सारेच विपरीत. अशा माणसाने काठी मागे नेताना डावी टाच किंचित उचलू द्यावी, म्हणजे भाराला उजवीकडे जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दुसरी तऱ्हा वाहवत जाण्याची. कंबर वळण्याऐवजी उजवीकडे सरकते, भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर सांडतो आणि तेथून तो वेळेवर परतत नाही. यावर सोपा उपाय असा, की उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेखाली एक चेंडू दाबून उभे राहावे. पाऊल आतच कललेले राहते आणि कंबर सरकू लागली तर तत्काळ उमगते.

तिसरी तऱ्हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत हट्टी. ती मागे रेंगाळण्याची. काठी खाली येते, पण देह उजव्या पायावरच राहतो. मग काठीचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. ती एकतर आधी माती खणते, नाहीतर वर उठता उठता चेंडूच्या टाळूवर बसते आणि चेंडू भेदरलेल्या सशासारखा गवतातून पळत सुटतो. या दोषाचे मूळ पुष्कळदा एका भाबड्या समजुतीत असते. चेंडू आकाशात जायला हवा, तेव्हा आपण त्याला वर उचलले पाहिजे, असे माणसाला वाटते आणि उचलण्यासाठी तो मागे झुकतो. वास्तविक ते काम काठीच्या तोंडाकडे सोपविलेले असते. सात क्रमांकाच्या लोखंडी काठीचे तोंड सुमारे तीस अंशांनी मागे कललेले असते. आपण खाली मारावे, ती वर उडविते. तिच्यावर भरवसा ठेवण्याची मात्र तयारी हवी.

हे सर्व दादांना तोंडपाठ होते. म्हणूनच पुढे जे घडले त्याचा आम्हा सर्वांना अचंबा वाटला.

दादांना पंचाहत्तरावे वर्ष लागले त्या पावसाळ्यात ते न्हाणीघरात घसरले आणि डाव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, खुब्यात कृत्रिम सांधा बसला. पहिल्या दिवसापासून शल्यविशारदांचे आणि व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंचे एकच सांगणे होते: ‘भार द्या. सांधा तुम्हांला उचलण्यासाठीच बसवला आहे.’ दादा प्रथम वॉकरने, मग काठीने आणि पुढे काठीवाचून घरात हिंडू लागले. सहा महिन्यांनी सांधा तपासून शल्यविशारदांनी गोल्फचे लहान फटके मारण्यास परवानगी दिली. जाताना एक गोष्ट मात्र त्यांनी गंभीरपणे बजावली. हा पाय वापरला नाही तर त्याचे स्नायू झडतील, तोल जाईल आणि मनुष्य पुन्हा पडेल; या वयात दुसरे पडणे पहिल्यासारखे नसते. वहिनींनी ते वाक्य ऐकले आणि तेव्हापासून त्यांचे डोळे दादांच्या पावलांवरून हलेनात.

सरावाच्या मैदानावर दादांनी पहिला चेंडू मारला तो दहा पावलेही गेला नाही. दुसरा तसाच. तिसऱ्याला मातीच उडाली. चाळीस वर्षे इतरांच्या टाचा पाहणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या टाचा जागेवर खिळल्या होत्या. उजवी टाच उचलली म्हणून जात नव्हती. भोवतीच्या मंडळींनी सल्ल्यांचा वर्षाव केला. कोणी म्हणे चेंडू मागे घ्या, कोणी म्हणे डोके स्थिर ठेवा, कोणी नवी हलकी काठी सुचविली. दादा सर्वांचे ऐकून घेत आणि काही न बोलता पुढचा चेंडू ठेवीत. आठवडाभराने त्यांनी काठ्यांची पिशवी माळ्यावर टाकायला सांगितली. ‘झालं एवढं पुष्कळ झालं,’ ते म्हणाले. घरात कोणी काही बोलले नाही. पण त्याच सुमारास त्यांनी जिना उतरणेही कमी केले, संध्याकाळचे फिरणे गेटापर्यंत आले, आणि मग आम्हांला कळून चुकले की प्रश्न खेळाचा राहिलेला नाही.

मैदानावरचे शिक्षक मूळचे कॅडी. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता ते खेळ शिकले आणि पुढे तोच त्यांचा व्यवसाय झाला. दादा दिसेनात म्हणून एके दिवशी ते घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी अंगणात दादांना नुसते उभे राहायला सांगितले. क्षणभर पाहून ते म्हणाले, ‘साहेब, तुमचा झोका चांगला आहे. फक्त डावा पाय अजून दवाखान्यातच राहिलाय.’

मग त्यांनी वजनाचे दोन काटे मागविले. एक आमच्याकडे होता, दुसरा शेजाऱ्यांकडून आणला. दादांनी प्रत्येक काट्यावर एक पाऊल ठेवून, समोर पाहत, दोन्ही पायांवर सारखा भार द्यावयाचा. ‘दिला,’ दादा म्हणाले. आम्ही वाकून पाहिले. उजव्या काट्यावर त्रेचाळीस किलो होते, डाव्यावर पंचवीस. अभियंत्याचा विश्वास इतक्यात बसतो थोडाच! त्यांनी काट्यांची अदलाबदल करविली. आकडे जागचे हलले नाहीत. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, ‘अहो, सहा महिने मी बघते आहे. देवापुढेसुद्धा तुम्ही उजव्याच पायावर उभे असता.’

दादा बराच वेळ काट्यांकडे पाहत राहिले. माणसाला आपला भार कोठे आहे हे स्वतःला कळत नाही, ही गोष्ट त्या दोन आकड्यांनी जितकी स्पष्ट केली तितकी ती कोणत्याही उपदेशाने झाली नसती. सांधा बरा झाला होता, हाड जुळले होते. परंतु न्हाणीघरातल्या त्या एका क्षणाने डाव्या पायाचा भरवसा काढून घेतला होता आणि तो परत कोणी मागितलाच नव्हता.

उपचार दुसऱ्या दिवशीच सुरू झाला, आणि पहिले तीन आठवडे त्यात गोल्फची काठी नव्हती. स्वयंपाकघरातल्या ओट्याला बोटे टेकून रोज सकाळी डाव्या पायावर उभे राहायचे, प्रथम दहा अंक मोजून, मग वीस, मग तीस. वहिनी अंक मोजीत आणि मोजता मोजता भाजी निवडीत. संध्याकाळी काट्यांवर उभे राहून, खाली न पाहता, दोन्ही आकडे सारखे करण्याचा प्रयत्न. धाकटी नात ते आकडे वहीत टिपू लागली. चौतिसास चौतीस ज्या दिवशी झाले त्या दिवशी तिने पानाला तांबडी चौकट आखली.

त्यानंतर काठी आली, पण अगदी लहान मापाने. दोन्ही पावले जुळवून उभे राहायचे आणि गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत एवढाच झोका घ्यायचा. पावले जुळलेली असली म्हणजे कोठेही रेंगाळता येत नाही. तोल गेला तर लगेच कळतो. मग पावले थोडी फाकवून डाव्या पायाचा अंगठा लक्ष्याकडे किंचित वळविला, म्हणजे देह वळताना नव्या सांध्यावर पीळ कमी पडतो. पुढे काठी उलटी धरून नुसता वाऱ्यात झोका. ‘सूं’ असा आवाज उजव्या पायापाशी आला तर चूक, डाव्या पायाच्या पुढे आला तर बरोबर. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट येथे कानांना कळते. शेवटी पाऊल टाकण्याचा सराव: पावले जुळवून काठी मागे न्यायची आणि ती वर पोहोचत असतानाच डावे पाऊल लक्ष्याकडे टाकून फटका मारायचा. लाकूडतोड्या आणि विटी कोलणारा पोर जे न शिकता करतात तेच हे. आणि प्रत्येक फटक्यानंतर डाव्या पायावर तोल सांभाळून तीन अंक मोजायचे, चेंडू कोठेही जावो.

या दिवसांत आम्हा भावांचा एक वाद रंगला. दादांच्या कपाटाच्या दारावर आतून बेन होगन या अमेरिकन खेळाडूचे छायाचित्र चिकटविलेले आहे. २ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्सासमध्ये त्याची मोटार समोरून येणाऱ्या बसखाली चिरडली. पत्नीला वाचविण्यासाठी तो आडवा झाला म्हणून दोघेही जगली. पण त्याची कंबर, घोटा, खांद्याचे हाड मोडले. पुन्हा चालता येईल की नाही याचीच शंका होती. १९५० च्या जूनमध्ये मेरियन येथे अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत, पायांना पट्टे गुंडाळून, तो एकाच दिवशी छत्तीस खड्डे खेळला आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत जिंकला. छायाचित्र त्या छत्तीसपैकी शेवटच्या खड्ड्यावरचे आहे. तो पाठमोरा आहे, काठी खांद्यावरून मागे गेली आहे आणि सारा देह डाव्या पायावर तोललेला आहे. दादांचे म्हणणे, भार असा बुद्धिपुरस्सर न्यावा लागतो.

मी अर्नेस्ट जोन्सची बाजू घेतली. हा इंग्रज शिक्षक १९१६ साली महायुद्धात उजवा पाय गुडघ्याखाली गमावून घरी परतला आणि उरलेल्या एका पायावर उभा राहून गोल्फ खेळला. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याने हजारो लोकांना शिकविले. त्याचे मत असे, की काठीचे टोक मोकळेपणाने झोकू द्या. देह आणि भार आपोआप त्याच्या मागून जातील. भाराचा विचार करीत बसलात तर झोका मरतो.

शिक्षकांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, ‘पण साहेब, त्या जोन्सचा राहिलेला पाय कोणता? डावाच ना? मग त्याला भार न्यायचा प्रश्नच नव्हता. तो होताच तिथं.’ वाद तेथेच मिटला. ज्याचा पुढच्या पायावर पूर्ण भरवसा आहे त्याने भाराची चिंता करू नये. जोन्सचे म्हणणे त्याच्यासाठी खरे. ज्याचा तो भरवसा मोडला आहे त्याला मात्र प्रथम त्या पायावर नुसते उभे राहायला शिकावे लागते. तेथे होगनचे छायाचित्र उपयोगी पडते, आणि स्वयंपाकघरातला ओटा त्याहूनही उपयोगी पडतो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दादांनी सात क्रमांकाच्या काठीने चेंडू मारला. तो फार लांब गेला नाही. शंभर यार्डांच्या आसपास. पूर्वी ते याच काठीने सहज एकशेचाळीस यार्ड मारीत. पण गवताची चकती उडाली ती चेंडू होता त्या जागेच्या पुढे, आणि दादा डाव्या पायावर उभे होते. उजव्या बुटाचा चवडा मात्र जमिनीला शिवलेला. तीन अंक मोजून झाले, पाच झाले, तरी ते तसेच उभे राहिले. ‘आलं,’ ते एवढेच म्हणाले. चेंडूकडे त्यांनी पाहिले की नाही, हे मला सांगता येणार नाही.

आता ते आठवड्यातून दोनदा नऊ खड्डे खेळतात. जिना उतरताना कठड्याला हात असतो, पण डावे पाऊल आधी कचरत नाही. काटे अजून पडवीत आहेत आणि त्यांचे आकडे काही दिवशी छत्तीस-बत्तीस असेही येतात. दादा त्याची खंत करीत नाहीत; दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी थोडे अधिक उभे राहतात.

दुखण्याच्या दिवसांत घराचा हिशेब आणि बँकेचे व्यवहार दादांनी मुलाकडे सोपविले होते. सोपविले खरे, पण रोज रात्री वही मागवून घेत, प्रत्येक पावती चाळीत आणि मुलगा अवघडून समोर उभा राही. हल्ली वही मागविली जात नाही. यात गोल्फचा हात किती आणि वयाचा किती, याचा निवाडा मी करणार नाही. एवढे मात्र पाहतो, की एकत्र कुटुंबातही भार पुढच्या पायावर द्यावयाचा तर तो पुरता द्यावा लागतो. अर्धा मागे राखून ठेवला तर मागचा पाय थकतो आणि पुढचा कधी बळकट होत नाही. गेल्या महिन्यात दादांच्या मुलाने आयकराचे सारे काम एकट्याने पुरे केले आणि ते पाहून दादा म्हणाले, ‘जमलं की रे!’ त्या आवाजात नवल होते, थोडी हुरहूरही होती, आणि त्याहून अधिक स्वस्थता होती.